एकही फोल्डर पिवळं नव्हतं

आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकही फोल्डर पिवळं नव्हतं. सगळ्या जगात फोल्डर पिवळंच असतं आणि ते तसंच असावं, अशी माझी त्या वेळी ठाम समजूत होती. मी कॉम्प्युटरची बाई होते ना. तासिका तत्त्वावर का होईना, पण होते. आणि इथे, शहागडच्या अलीकडे हायवेपासून आत असलेल्या एका गावातल्या शाळेत, एक क्लार्क बसून प्रत्येक मुलाच्या फोल्डरवर स्वतः काढलेलं वेगळं चित्र लावत होता. कुठे चिंचोका, कुठे झाकण तुटलेली कंपासपेटी, कुठे एक डोळा मिटलेलं मांजर. पहिल्यांदा ती स्क्रीन बघितली तेव्हा मला हसू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. अंगाने किरकोळ, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशात एक भिंग. खुर्चीच्या अगदी कडेला बसत, कोणीतरी आत्ता उठा म्हणेल अशा बेताने. उभी नोकरी त्याच ऑफिसात काढली, पण खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही. सकाळी आले की मॉनिटरवरचं कापड काढायचं. ते त्यांच्या बायकोच्या जुन्या साडीचं, काठासकट शिवलेलं. त्याची चौघडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवायची, बटण दाबायचं आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. तेवढ्यात कोणी काही विचारलं तर "उठू द्या त्याला" एवढंच म्हणत. टायपिंग एका बोटाने. एका बोनाफाईडला अर्धा तास. मुलं दारात ताटकळत उभी आणि हे गृहस्थ त्या मुलांकडेच बघत बसलेले. मी स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करून दाखवायचे. तो अर्धा तास ते काम करत असायचे, हे मला फार उशिरा कळलं.

चित्र काढायची त्यांची पद्धत कोणी शिकवलेली नव्हती. पेंट उघडायचं, आडवी बत्तीस आणि उभी बत्तीस घरं घ्यायची, चित्र एवढं मोठं करायचं की एकेक घर वाटाण्याएवढं दिसेल, आणि मग माउसने एकेक घर भरत जायचं. झालं की फाइलला नंबर द्यायचा आणि ती त्या मुलाच्या फोल्डरवर बसवायची. एका चित्राला कधी एक दुपार लागे, कधी पंधरा दिवस. काढायला फार वेळ लागत नसे. काय काढायचं ते ठरवायला लागे.

त्याचे नियम होते. बापाच्या धंद्यावरून चित्र काढायचं नाही. पंक्चरवाल्याच्या पोराला टायर नाही, अंकुशनगरच्या कारखान्यावर कामाला जाणाऱ्याच्या मुलीला ऊस नाही. जातीवरून, देवावरून तर बिलकुल नाही. जे त्या पोराचं एकट्याचं आहे आणि त्याचं त्यालाही ठाऊक नाही, ते काढायचं. सहावीतला एक मुलगा तहान लागलेली असली तरी टाकीवर आधी दुसऱ्यांसाठी तोटी धरून उभा राही. त्याच्या फोल्डरवर नुसती तोटी होती. एक मुलगी उत्तर देताना ओढणीच्या टोकाला गाठ मारायची आणि उत्तर संपलं की सोडवायची, तिला गाठ. मी त्यांना म्हटलं, भाऊसाहेब, मुलांचे फोटोच लावता येतात की, मी दोन मिनिटांत करून देते.

"फोटोत समदी पोरं भ्यालेलीच असतात, मॅडम," ते म्हणाले आणि पुढचं घर भरायला लागले.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. नोकरीच्या सुरुवातीला, सगळं रजिस्टरवर चालायचं तेव्हा, एका वर्गात दोन मुलं होती. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही सारखं. भाऊसाहेबांनी एकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या टी.सी.वर घातली. पुढे तो मुलगा पोलीस भरतीत धावला, सगळ्यांच्या पुढे आला आणि वयात बसत नाही म्हणून परत आला. दुरुस्तीसाठी त्याने चकरा मारल्या, त्याच्याबरोबर भाऊसाहेबांनीही मारल्या. कागद दुरुस्त झाला तोवर भरती होऊन गेली होती. तो आता हायवेवरच्या एका धाब्यावर कामाला आहे.

"मला बघितलं की हातातलं काम सोडून नमस्कार करतो," भाऊसाहेब म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं."

तेव्हापासून त्यांचा नावावर भरोसा उरला नाही. आडनावावर तर आधीपासूनच नव्हता. ते बौद्ध. त्याबद्दल बोलत नसत, पण एकदा सहज म्हणून गेले की आडनाव सांगितलं की समोरचा माणूस जरासा थांबतो, आणि तेवढ्यात त्याचं आपल्याबद्दल सगळं ठरून जातं. माझ्यासमोर असं कोणी कधी थांबलं नव्हतं, म्हणून मी पटकन हो म्हणाले आणि विषय बदलला.

एखाद्याची टी.सी. गेली, म्हणजे मूल शाळा सोडून गेलं, तरी भाऊसाहेब त्याचं चित्र पुसत नसत. फक्त त्यातला रंग काढून घेत. चिंचोका राखाडी, तोटी राखाडी. शाळा सोडून गेलेल्या मुलांची फोल्डर एका बाजूला होती. तिथे सगळं ढगाळल्यासारखं दिसायचं.

स्टाफचीही चित्रं आहेत, हे मुख्याध्यापकांना कुठून तरी कळलं. एका शनिवारी खुर्ची ओढून ते भाऊसाहेबांच्या शेजारी बसले आणि माझं दाखवा म्हणाले. निघाला टेबलफॅन. सरांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि आपण सगळ्यांना वारा देतो असा अर्थ लावून ते इतके खूश झाले की स्टाफरूममध्ये येऊन सांगून गेले. आम्ही पदर आणि रुमाल तोंडाला लावले. समोर जो बसेल त्याच्याकडे मान वळवायची, तो उठला की दुसरीकडे, हे सरांचं आम्हाला पाठ होतं. भाऊसाहेब मात्र हसले नाहीत. चिडवायला म्हणून त्यांनी ते काढलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "मॅडम, तुमचं बी काढलंय. कवा टाइम भेटला त बघा."

बघते, म्हणाले मी. माझ्या टेबलापासून तो कॉम्प्युटर दहा पावलांवर होता. मी बघितलं नाही. खरं कारण सांगायचं तर मला भीती वाटत होती. टेबलफॅनसारखं काही निघालं तर? हसण्यावारी नेता आलं नसतं, कारण ते खरं निघालं असतं.

आता त्या मुलीचं सांगायला हवं. नववीत होती. तिचं नाव मी लिहीत नाही, भाऊसाहेबांनाही ते आवडलं नसतं. अभ्यासात मध्यम, बोलायला कमी. तिची एकच सवय होती. व्हरांड्यातल्या नोटीस बोर्डावरून येता-जाता ती ढिल्या झालेल्या पिना अंगठ्याने दाबून बसवायची. कोणी सांगितलेलं नव्हतं. बोर्डावर काय लिहिलंय ते वाचायचीही नाही. पिन दाबायची आणि पुढे जायची. तिच्या फोल्डरवर हिरव्या डोक्याची एक पिन होती. ते चित्र तेवढं मी नीट बघितलं होतं, कारण काढायला सोपं वाटलं होतं.

वार्षिक परीक्षा महिन्यावर आली असताना तिचा बाप टी.सी. मागायला आला. मामाच्या गावी शाळेत घालायचंय म्हणाला. त्या मामाच्या गावात चौथीच्या पुढे शाळा नाही, हे आमच्या शिपाईमामांनाही माहीत होतं. मुलीचं लग्न जमलंय, हे निम्म्या गावाला माहीत होतं. बाप काही दुष्ट माणूस नव्हता. हातात टोपी धरून बाकावर बसायचा, चहा दिला तर कप विसळून ठेवायचा. टी.सी. हातात पडली की मुलगी शाळेच्या हजेरीतून जाते आणि मग ती कुठे आहे हे विचारायला कोणी घरी येत नाही, एवढं त्याला कोणीतरी समजावलं होतं.

भाऊसाहेबांनी त्याला सांगितलं, कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय, प्रिंट निघून न्हाई राह्यली. आठ दिवसांनी या. तो आठ दिवसांनी आला. व्हायरस होताच. हाताने लिहून द्या म्हणाला, तर ऑनलाइन नंबर पडल्याशिवाय चालत नाही म्हणाले. तो पुन्हा आला, पुन्हा गेला. या सगळ्या दिवसांत ती मुलगी वर्गात बसत होती आणि जाता-येता पिना दाबत होती. भाऊसाहेबांचा हिशोब साधा होता. परीक्षा होऊ द्यायची, निकाल लागला की दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर तिचं नाव चढवायचं. नाव बोर्डात गेलं की बाप निदान एक वर्ष थांबेल. हा हिशोब त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता. त्या वेळी मलाही ठाऊक नव्हता.

शेवटी बाप संस्थेच्या कोणा मेंबरकडे गेला. मुख्याध्यापकांना फोन आला. सरांनी मान वळवली, ती माझ्याकडे. शनिवारी मला बोलावून म्हणाले, मॅडम, उद्या येऊन तो कॉम्प्युटर एकदाचा साफ करून टाका, शाळेची बदनामी होतेय. माझी नेमणूक एप्रिलमध्ये संपत होती. पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही, ते सरांच्या हातात होतं. मी म्हटलं, सर, चार तासांचं काम आहे.

त्या रविवारी भाऊसाहेब जांब समर्थला बहिणीकडे गेले होते. तिच्या घराचा स्लॅब टाकायचा होता. शिपाईमामांनी ऑफिस उघडून दिलं आणि दारातच उभे राहिले. मी साडीचं कापड काढून बाजूला टाकलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि सहज एक प्रिंट दिली. निघाली. स्वच्छ, काळीभोर, एका झटक्यात. मी तो कागद हातात धरून चक्क हसले. मामांना म्हणाले, प्रिंटर चालू आहे की, तुमच्या भाऊसाहेबांना एवढंही येत नाही. एक माणूस चालू प्रिंटरला बंद का म्हणेल, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी कॉम्प्युटर शिकवत होते, मला तेवढंच दिसलं.

मामा म्हणाले, "भाऊसाहेबांला एक फोन लावता का, मॅडम?"

गरज नाही, म्हणाले मी. फोन लावला असता तर ते नको म्हणाले असते आणि मला नको ऐकायचं नव्हतं.

मुलांची आणि स्टाफची फोल्डर डी ड्राइव्हवर होती. त्याला मी हात लावला नाही, दोनदा तपासून बघितलं. सी ड्राइव्हवर कॉम्प्युटरचं स्वतःचं सामान असतं, ते सगळं पुसलं आणि नव्याने घातलं. दुपारी कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळायला लागला. डी ड्राइव्ह उघडून बघितला तर सगळ्यांचे कागद जागच्या जागी होते. फक्त फोल्डर सगळी पिवळी दिसत होती, ओळीने, एकसारखी. चित्रं दिसत नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. मला वाटलं, येतील परत लावता. आणि खोटं कशाला बोलू, मला असंही वाटलं की आता कसं ऑफिससारखं दिसतंय.

सोमवारी भाऊसाहेब पहिल्या एस.टी.ने आले. नखांत सिमेंट होतं. कापडाची घडी चुकलेली बघून त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा घातली. बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले, पण कॉम्प्युटर त्यांनी नीट बसायच्या आत उठला. ते स्क्रीनकडे बघत राहिले. मी शेजारी उभी होते, शाबासकीच्या अपेक्षेने.

"सी ड्राइव्हमधलं घेतलं व्हतं का काढून, मॅडम?"

"सीमध्ये काय असतं भाऊसाहेब, विंडोजच असतं."

"बराबर हाय," ते म्हणाले.

सगळी चित्रं त्यांनी सी ड्राइव्हवर ठेवली होती. डी ड्राइव्ह पोरांचा, तिथे आपलं काही ठेवायचं नाही, असा त्यांचाच एक नियम होता. मला ते नंतर कळलं. तेव्हा बाप बाकावर येऊन बसला होता आणि मुख्याध्यापक भाऊसाहेबांच्या खुर्चीमागे उभे होते. आता व्हायरस नव्हता. भाऊसाहेबांनी तिचं फोल्डर शोधायला सुरुवात केली. आधी त्यांना शोधावं लागत नसे, पिन दिसे. आता त्यांनी एका बोटाने तिचं नाव टाइप केलं. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं. त्या दोन शब्दांना त्यांनी लावला तेवढा वेळ मी कोणाला टायपिंगला लावताना बघितलं नाही. सर मागून घाई करत होते. प्रिंट एका झटक्यात निघाली. बापाने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवला, भाऊसाहेबांना लई मेहेरबानी म्हणाला आणि कप विसळून ठेवून गेला.

परीक्षेच्या आधीच तिचं लग्न झालं. ते सांगताना शिपाईमामांनी मला व्हायरसचंही सांगितलं. मी ऑफिसात गेले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही त्यांच्यावरच काढायची माझी तयारी होती. तुम्ही मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"मागं एका पोरीच्या टायमाला पोलिसात रीतसर कळवून बघितलं व्हतं," ते म्हणाले. "घरच्यायनी लग्न एक दिवस अलीकडं घेतलं. मंग मी कुणाला सांगणंच सोडलं."

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर मी जालन्याहून मिळवलं, तीन दिवस चालवलं. एकही चित्र धड उघडलं नाही. रंगीत पट्टे तेवढे दिसायचे, खाली सगळं काळं.

त्यांच्या रिटायरमेंटला दोन महिने राहिले होते. त्यांनी पुन्हा काढायला घेतलं. सगळ्यात आधी पिन. मी तेव्हा तिथेच होते. हिरवं डोकं, बारीक टोक, खाली एवढीशी सावली. घरं भरून झाली, पिन फोल्डरवर बसवली आणि पुढच्या मिनिटाला तिच्यातला रंग काढून टाकला. टी.सी. गेली होती ना. मग ते बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

पिनेनंतर अडायला लागलं. फोल्डर उघडायचे, आतला फोटो बघायचे, नाव वाचायचे आणि बसून राहायचे. काय काढलं होतं ते आठवत नव्हतं. शाळेत असलेल्या पोरांना ते ऑफिसात बोलावून घेत, उगाच काहीतरी विचारत आणि बघत. पण बोलावलेलं पोर सावध असतं, ते काही दाखवत नाही. आणि जी शाळा सोडून गेली, त्यांना कुठून बोलावणार? चारशेच्या वर चित्रं होती. रोज सकाळी ते आदल्या दिवशीचं एखादं चूक निघालं म्हणून पुसत. एकदा मला म्हणाले, ध्यानात ठेवायचं काम मी यालाच देऊन टाकलं व्हतं, मॅडम. यालाच म्हणताना त्यांनी मॉनिटरवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, मी मदत करते, माझ्या वर्गातली मी काढते. त्यांनी लगेच खुर्ची दिली. मी पेंट उघडलं, बत्तीस बाय बत्तीस घरं घेतली. समोर माझ्या वर्गातल्या एका मुलाचं फोल्डर, दोन वर्षं शिकवलेल्या मुलाचं. हुशार होता की ढ होता, ते मला आठवत होतं. रोल नंबर आठवत होता. त्यापुढे काहीही नाही. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. तासभर मी त्या कोऱ्या घरांसमोर बसले आणि मग काहीतरी कारण सांगून उठले. भाऊसाहेबांनी मला थांबवलं नाही.

निरोपाच्या दिवशी शाल आणि नारळ दिला. सरांनी भाषण केलं, त्यात टेबलफॅनची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. तोवर चाळीस-पन्नास चित्रं झाली असतील, त्यातली निम्मी त्यांना पटलेली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर ते साडीचं कापड न्यायला ऑफिसात आले. आमच्याखेरीज तिथे कोणी नव्हतं. मी विचारलं, भाऊसाहेब, माझं काय काढलं होतं?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारातल्या पोरांकडे बघायचे तसंच, न घाई करता. मग कापडाची घडी पिशवीत घातली.

"तुमचं काढायचं ऱ्हाऊनच गेलं, मॅडम," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी मला घेतलं. नंतर कायमही केलं. नवा क्लार्क अजून मिळालेला नाही, त्यामुळे टी.सी. आणि बोनाफाईड मीच काढते, दोन मिनिटांत. नोटीस बोर्डावरचे कागद एका कोपऱ्यावर लोंबत असतात. येता-जाता मी बघते, पिन दाबायची असते हे माझ्या लक्षात येतं, आणि तोवर मी पुढे गेलेली असते.

मध्यंतरी काहीतरी शोधताना मी कॉम्प्युटरवरच्या लपलेल्या फाइली दिसतील असं करून ठेवलं. तेव्हा कळलं की प्रत्येक फोल्डरच्या आत एक बारकी फाइल असते. या फोल्डरवर कुठलं चित्र लावायचं आणि ते कुठे ठेवलंय, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. चित्र पुसलं तरी ती फाइल राहते. मी स्टाफमधलं माझं फोल्डर उघडलं. तिथेही ती होती. सी ड्राइव्ह, भाऊसाहेबांच्या चित्रांची जागा, आणि शेवटी नंबर, चारशे सतरा.

म्हणजे राहून गेलं नव्हतं. काढलेलं होतं, लावलेलंही होतं, आणि ते पाच-सहा महिने माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मग निरोपाच्या दिवशी ते तसं का म्हणाले? विसरले असतील. किंवा आठवत असेल, आणि त्या रविवारनंतर ते मला लागू पडत नसेल. तिसरं काही मला सुचत नाही.

भाऊसाहेब आता जांब समर्थला बहिणीच्या घराशेजारी राहतात. शिपाईमामा अधूनमधून त्यांच्याशी बोलतात, माझ्याकडे नंबरही आहे. फोन लावून विचारता येईल. मी लावत नाही.